शेवटी बोलायचं सरांनी

बीदरच्या शेतकरी कंपनीत शनिवारची मीटिंग व्यवस्थापक लिंगराज सरांच्या उजव्या हातापासून सुरू व्हायची. तिथं त्यांचा लाडका नागेश बसे. चिंताकी गावची दानेश्वरी दाराजवळ, सगळ्यांत शेवटी. तिच्यापर्यंत वेळ येई तोवर लोक चपला शोधायला लागलेले. सर वहीत तिच्या नावापुढं 'काही नाही' असं स्वतःच लिहीत आणि वही मिटत.

दोन वर्षांपूर्वी उगवण तपासायला ओल्या गोणपाटात ठेवलेल्या सोयाबीनच्या शंभर दाण्यांतले चाळीसच उगवले. दानेश्वरीनं तसं कागदावर लिहून वाटपाआधीच सरांना दिलं. मीटिंगमध्ये सांगायला उठली, तर वही मिटलेली. बियाणं वाटलं गेलं, चिंताकीची निम्म्याहून जास्त शिवारं न उगवता काळीच राहिली. चौकशीला आलेल्या संचालकांना सरांनी वही दाखवली: हिनं काहीच सांगितलेलं नाही. गावात अजून लोक तिच्या सासऱ्याला विचारतात, सुनेला तोंड नव्हतं का.

तिनं नोकरी सोडली नाही. सोडली असती तर सरांना बरंच वाटलं असतं.

यंदा जूनमध्ये सरच वैतागले. "सगळे गप कामून बसायलाव? दानेश्वरी, तुला लई कळतंय न्हवं? पुढच्या शनवारपासून तूच चालीव."

टोमणाच होता. तिनं व्हय म्हटलं.

आठवडाभर तिनं नियम घासूनपुसून तयार केले. विषय आदल्या दिवशी कळवायचा. सुरुवात दर वेळी वेगळ्या माणसापासून. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. नको असेल तर 'पुढं' म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही, शेवटी एकदा परत विचारू. मराठी, कन्नड, उर्दू, काहीही चालेल. आपली ओळ आपणच लिहायची. सरांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, म्हणजे इतरांवर दडपण येत नाही. खरंच आलं नाही. नाव पुकारलं की घाम फुटणारी पवित्रा तिसऱ्या आठवड्यात आपणहून बोलली. दानेश्वरीला ते आवडलं, पण ती चौथ्या शनिवारची वाट बघत होती. त्या दिवशी संचालक यायचे होते.

शुक्रवारी तिनं विषय कळवला: दोन वर्षांपूर्वीचं बियाणं. सरांनी बोलावून तो काढायला सांगितला. संचालकांनाही गेलाय, असं ती म्हणाली.

पवित्रानं दाणे आपणच मोजल्याचं सांगितलं. नागेश 'पुढं' म्हणाला. इतरांची फेरी संपल्यावर परत विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाला, कागद सरांच्या टेबलावर बघितला होता, वाटपाच्या आधी.

"सर?"

"पुढं."

"पुढं कुणी न्हाई, सर. परत तुम्हालाच इचारायलेय."

संचालक बघत होते. कागद आला होता, आपण तो दाबून ठेवला, असं सर पुटपुटले. वही ओढून तेवढं लिहिलं, सही केली आणि उठू लागले.

दानेश्वरीनं घड्याळ बघितलं. "बसा, सर. एक मिनिट ऱ्हायलंय तुमचं."

ते बसले. नियमाप्रमाणे मध्ये कुणीच बोललं नाही.