बिनफुलांचा पळस

सावेबाई चालताना कुणाला कविता म्हणू देत नसत. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या बाईंचा हा नियम ऐकून नवखं माणूस चक्रावून जाई. समोरचा डोंगर पाहून एखादीला ओळी आठवू लागल्या, की बाई छत्रीचं टोक जमिनीवर आपटत आणि म्हणत, "आधी बघ. कविता काय, घरी झोपाळ्यावर बसूनही म्हणता येते."

डहाणूच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवत आणि स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्या काळी बाईमाणूस पायी निघालं तर देवाला नाहीतर बाजाराला. सावेबाई मात्र भाऊबीज उरकली की चार-सहा जणी गोळा करून तलासरीकडे चालत निघत, तेही नुसतं हिंडायला. शाळेतल्या शिक्षिका, रेल्वेच्या क्वार्टरमधल्या बायका, कुणाची विधवा नणंद, असा सगळा गोतावळा असे. माझे वडील रेल्वेत मालबाबू. आई बाईंच्या नादी लागली आणि तिच्याबरोबर मीही जाऊ लागले.

सरावली गाव मागे पडलं की चिकूच्या वाड्या संपत आणि कापणी झालेली भातशेतं लागत. वाटेत भारा डोक्यावर घेतलेल्या बाया थांबून विचारत, "कोनाचं लगीन हाय, बाय?" आम्ही डोंगर बघायला चाललोय म्हटल्यावर एका म्हातारीनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "डोंगर काय पलून चाललाय?" बाई इतक्या हसल्या की त्यांना बांधावर टेकावं लागलं. नंतर कुणी घाई करू लागलं की त्या तेच वाक्य तिच्या तोंडावर टाकत.

बाईंच्या पिशवीत दशम्या आणि सुक्या बोंबलांची चटणी ठरलेली. आमच्यातल्या कुलकर्णीवहिनी सोवळ्यातल्या. त्या वाऱ्याची दिशा पाहून बाईंपासून लांब चालत. पण दुसऱ्या दिवशी भूक लागली की हळूच जवळ सरकत आणि दशमी मागत, चटणी न लागलेली. बाई मोठ्या गंभीरपणे पिशवीच्या तळातली दशमी काढून देत. "ही शुद्ध आहे हो वहिनी, बोंबलाची हिच्याशी नुसती तोंडओळख आहे."

रात्री एखाद्या गावच्या शाळेत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तलासरीपुढचा तो माळ. सगळी पायपीट त्या माळासाठीच असे. फार पूर्वी तिथे नोकरीला असलेल्या जंगलखात्यातल्या कुणा अधिकाऱ्यानं त्या माळावर कविता केली होती. पळस फुललाय, माळाला आग लागलीय, पण पाखरं काही पळत नाहीत, अशी त्यात कल्पना होती. बाईंना ती तरुणपणी एका जुन्या मासिकात सापडली आणि त्या कवितेनंच त्यांना चालायला लावलं. माळावर पोचल्यावर मात्र नियम सुटे. प्रत्येकीनं दोन ओळी तरी रचायच्याच. कुलकर्णीवहिनींची चप्पल चावल्याची ओवी अजून माझ्या कानात आहे.

अडचण एवढीच, की दिवाळीत पळसाला फूल नसतं. पळस फुलतो फाल्गुनात आणि फाल्गुनात परीक्षा. आम्ही जायचो तेव्हा माळभर हिरवी रुंद पानं आणि पिवळं पडत चाललेलं गवत. "पळस परीक्षेतच फुलवायचा, हा देवानं मास्तरांवर उगवलेला सूड आहे," बाई म्हणत. एकदा तरी तो माळ फुललेला पाहायचा, हे त्यांचं एकच मागणं होतं. दुसरी कुठलीही हौस त्यांनी केलेली मला आठवत नाही.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी त्यांनी हट्टानं फाल्गुनातली रजा मंजूर करून घेतली. साऱ्या शाळेला ते ठाऊक होतं. नेमकं तेव्हाच मला वसईचं स्थळ सांगून आलं आणि वडिलांनी परीक्षेच्याच दिवसांतला मुहूर्त धरला. मुलीला मॅट्रिक होऊन काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. आईचं काही चालेना. मी रडून घेतलं आणि पुस्तकं बांधून ठेवली.

बाईंनी रजा परत केली. रोज संध्याकाळी त्या आमच्या ओटीवर येऊन बसू लागल्या. वाद नाही, उपदेश नाही. चहा घ्यायचा, मला बांधलेली पुस्तकं सोडायला लावायची आणि माझे निबंध वडिलांना ऐकू जातील अशा आवाजात तपासायचे. शेवटी वडीलच कंटाळून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं की रोज का येता. बाई शांतपणे म्हणाल्या, "मालबाबू, मुहूर्त वैशाखातही असतात. हिची परीक्षा तेवढी थांबायची नाही." वडील आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वसईला निरोप धाडला आणि ती मंडळी वैशाखापर्यंत थांबली. तेच माझे यजमान, त्यामुळे बाईंनी माझं लग्न मोडलं असंही कुणाला म्हणता आलं नाही.

परीक्षा झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले. तुमचा पळस माझ्यामुळे राहिला, म्हणताना मला हुंदका आवरेना. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "पुढच्या वर्षी फुलेल की. त्याला कुठे मॅट्रिकला बसायचंय?"

पण पुढच्या वर्षी बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांचा फाल्गुन गेला तो गेलाच. पुढे मी वाणगावला शिक्षिका झाले, राज्याची सीमा आखली गेली, तलासरीपुढे अच्छाडला सीमेचा नाका बसला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. त्या फाल्गुनात मी रजा काढली, ऐन परीक्षेत. त्यासाठी आमच्या हेडमास्तरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तलासरीपर्यंत एस.टी.नं गेलो. पुढे त्यांची छत्री एका हातात आणि माझा खांदा दुसऱ्या हातात. चढ संपला आणि माळ समोर आला. पान एक नव्हतं, नुसता केशरी रंग. कवीनं खोटं लिहिलं नव्हतं. पाखरं खरंच फुलांत चोची खुपसून बसली होती. आता बाई ती कविता म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "छान आहे गं. त्यानं लिहिलं तसंच आहे." थोडं थांबून, जरा संकोचून म्हणाल्या, "पण हा त्याचा माळ. आपला तो दिवाळीचा. दिवाळीत येऊ या, वहिनींनाही आणू."

दिवाळी त्यांना लाभली नाही. भाद्रपदात त्या गेल्या, झोपेतच. भाऊबीजेनंतर मी, आई आणि कुलकर्णीवहिनी निघालो. बोंबलांची चटणी आणि दशम्या आता माझ्या पिशवीत होत्या. माळावर बसून त्या सोडल्या तेव्हा वहिनींनी हात पुढे केला. मी सवयीनं पिशवीच्या तळातली दशमी काढू लागले, तर त्या म्हणाल्या, "ती नको. बाईंची चटणी लावून दे."