गोपिकाबाईंचा टर्बो

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत बाई निवृत्त झाली की तिने पुढे काय करायचं, हे गल्लीच ठरवते. भजनी मंडळात बसायचं, उन्हाळ्यात कुरड्या घालायच्या, जमलंच तर कुणाची तरी पोरं सांभाळायची. गोपिकाबाई भोयर लाल बसच्या कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. इथवर लोकांनी खपवून घेतलं. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी त्या गाडीला टर्बो बसवायचं काढलं, तेव्हा गल्लीच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या नाही. मी त्यांच्या शेजारच्याच घरात राहते आणि मला ही बाई पहिल्यापासून आवडते.

त्यांची बहुतेक नोकरी नागपूर–कुही गाडीवर गेली. खांद्याला पैशांची पिशवी, तोंडात "पुढं सरका", आणि हातात बेलची दोरी. एक बेल मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. ड्रायव्हर बहुतेक वेळा देवराव असत. एकदा कुहीच्या स्टँडवर रिकामी गाडी उभी असताना बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "भाऊ, मले जरासं स्टिअरिंग धरू द्या ना." देवराव पोट धरून हसले. "तू बेल मार वं बाई, गाडी मी चालवतो." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. बाईंनीही ते प्रेमानेच लक्षात ठेवलं, पार निवृत्तीपर्यंत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी लायसन्स काढलं. त्यांचा भाचा पियूष मनीषनगरात राहतो, त्याला गाड्यांचा भारी नाद. त्याच्याकडून बाईंना कळलं की कुहीकडे एका खासगी जागेवर सरळ डांबरी पट्टा आहे. मे महिन्यात तिथे एकेक गाडी सोडतात आणि तिला किती वेळ लागला ते मोजतात. बाई लगेच म्हणाल्या, "मले तिथं चालवाची हाये. माह्या गाडीनं. मीच."

टर्बो म्हणजे काय, ते मला त्यांनीच समजावलं. "चुलीत फुंकणीनं हवा घातली की जाळ वाढते का नाही? तसंच हाये. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवते, अन् तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबते." एवढं सोपं कुणी सांगितलं असतं, तर मीही शाळेत विज्ञानात पास झाले असते.

निवृत्तीच्या पैशांतला एक छोटा हिस्सा त्यांनी गाडीसाठी वेगळा काढला होता आणि त्यापलीकडे एक रुपयाही खर्च होणार नव्हता. गॅरेजवाला प्रीतम म्हणाला, "ताई, एवढ्यात टर्बो नाही येत. टर्बोचं स्टिकर येते."

"स्टिकर तू आपल्या गॅरेजले लाव. आधी ब्रेक कर, मंग टायर, मंग क्लच. उरलं त्यात टर्बो."

प्रीतमने कपाळावर हात मारला. "लोक येऊन आधी जोर मागतात, तुम्ही ब्रेक मागून राहिल्या!"

"माहा अर्धा जन्म बसमधे उभ्यानं गेला. ब्रेक काय चीज असते ते बसलेल्या ड्रायव्हरले नको विचारू, उभ्या कंडक्टरले विचार."

मग उरल्या पैशांची ओढाताण सुरू झाली. अपघातात चेपलेल्या एका गाडीचा टर्बो भंगारात मिळाला. तो प्रीतमने उघडून, दुरुस्त करून बसवला. हवेचा दाब मात्र कमीच ठेवायचा, असं बाईंनी बजावलं. "इंजिन फाटलं तं दुसरं घ्याले माह्यापाशी काही नाही." जास्तीच्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल सुटावं म्हणून प्रीतमने लॅपटॉप लावून दोन दुपारी घालवल्या. मग अडलं उन्हावर. टर्बोतून निघणारी हवा आधीच तापलेली असते. ती निववायला गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते, पण नागपूरच्या मे महिन्यात ती जाळी तरी काय निववणार? मोठी जाळी परवडणारी नव्हती. तापलेल्या हवेचं काय करायचं, हे मात्र नागपूरच्या माणसाला शिकवायला नको. मी आमच्या जुन्या कूलरची भोकं पाडलेली नळी काढून दिली. काच धुवायच्या पाण्याची मोटर गाडीत होतीच. प्रीतमने ती नळीला जोडली आणि पाणी जाळीवर ठिबकायला लागलं.

असा टर्बो बसवलेली गाडी कायद्याने रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून आम्ही ती टेम्पोवर चढवून कुहीकडे नेली. बाईंनी बोलावलं म्हणून देवरावही गावाहून थेट तिथे आले, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. नावं लिहून घेणाऱ्या माणसाने कागद वाचला, "गाडी गोपिकाबाई भोयर, चालक पियूष."

बाईंनी पियूषकडे पाहिलं. पियूषने चपलांकडे पाहिलं.

"रागावू नको वं आत्या. गाडी तुहीच हाये. फक्त चालवतो मी. तुले काही झालं तं बाबा मले सोडतीन का?"

"मले काही होईन म्हणून तू चालवशीन? मंग तुले काही झालं तं चालते का?"

टेबलामागचा माणूस समजुतीने हसला. "मावशी, कायले उगाच? ऊन पाहा किती हाये. सावलीत बसून मजा पाहा ना."

"मावशी म्हणून राहिला ना, तं मावशीचं ऐक. हे घे लायसन्स. याच्यावर कुठं लिहून हाये का, का बाईनं सावलीत बसावं? मी जन्मभर दुसऱ्याच्या गाडीले निघ म्हणून सांगितलं. आज माही गाडी हाये. खोड ते नाव!"

त्या माणसाने नाव खोडलं. मी टाळ्या वाजवल्या. कुणी वाजवायला सांगितल्या नव्हत्या, तरी वाजवल्या.

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. बाईंनी सगळ्यांदेखत अंबाडा सोडला, वेणी घातली, पदर खोचला आणि गाडीत बसल्या. गाडी रेषेवर उभी राहिली. इंजिन घुरघुरत होतं, जाळीवरून पाणी टपटपत होतं. समोरच्या माणसाने झेंडा वर केला आणि खाली आणला. गाडी हललीच नाही. मागून कुणीतरी हसलं, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो गप्प झाला.

बाईंनी काच खाली केली. "देवराव भाऊ, इकडं या. बेल कोण मारीन?"

देवराव जागीच थबकले. मग त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांपूर्वीचं आपलं हसणं त्यांना त्या क्षणी आठवलं असणार, कारण त्यांचा चेहराच पडला. ते गाडीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चाल बाई. आज तू चालव, बेल मी मारतो."

त्यांनी टपावर दोनदा थाप मारली. गाडी सुटली. टर्बोची शिट्टी घुमली, धूळ उडाली, आणि मी काय ओरडले ते मला इथे लिहिता येणार नाही.

बाईंचा नंबर बराच खाली आला, हेही सांगून टाकते. त्या मैदानात आमच्या गाडीच्या कितीतरी पट महागड्या गाड्या होत्या. पण शेवटची रेषा ओलांडल्यावर, पट्टा संपायच्या कितीतरी आधी बाईंची गाडी सरळ, न डगमगता थांबली. त्या वळून परत आल्या तेव्हा पियूष दाराशी धावला. "आत्या, आता एक चक्कर मी मारू?"

"मागं रांगेत लाग," बाई म्हणाल्या आणि गाडी पुन्हा रेषेवर लावली.

देवराव टपावर थाप मारायला हात वर करून तिथे आधीच उभे होते.