नुकाची कुत्री

युआन्सीचं वय एकसष्ट आणि त्याच्या बाबांचं चोवीस. ग्रीनलंडच्या आमच्या किनाऱ्यावर यात कुणाला नवल वाटत नाही. त्याचा बाप, म्हातारा नुका वारला, त्याच हिवाळ्यात युआन्सीच्या बहिणीला मुलगी झाली, तिला त्याचं नाव दिलं, म्हणजे ती नुकाच की! दुकानात गल्ल्यावर बसणारी ही पोरगी युआन्सीला ‘पोरा’ म्हणते, तो तिला अहो-जाहो करतो, आणि त्याची बायको बिर्थे तर तिला चक्क ‘मामंजी’ म्हणते.

युआन्सीचा सगळा जन्म बर्फावर गेला. खाडी गोठली की स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, कुत्री जुंपायची, लांबवर जायचं, बर्फाला भोक पाडून गळ सोडायचे आणि हॅलिबट मासा ओढायचा. मासा आपल्याला, डोकी-शेपट्या कुत्र्यांना. कुत्री बापाच्या कुत्र्यांच्याच वंशातली. माणसांशी हा तुटक बोलणार, पण कुत्र्यांशी याची बडबड थांबायची नाही.

यंदाचा हिवाळा म्हणजे मेली थट्टाच होती. दोन दिवस थंडी कडाडायची, पाणी जरा धरायचं, की समुद्राकडून उबदार वारा यायचा आणि सगळ्याचा लगदा करून टाकायचा. होडी घालावी तर बर्फ फुटत नाही, स्लेज घालावी तर बर्फ पेलत नाही. काळोखाचे महिने सरले, डोंगरमाथ्यावर ऊन आलं, तरी तीच गत. साठवलेलं सीलचं मांस संपलं. दुकानातलं कुत्र्यांचं खाणंही संपलं आणि जहाज येणार ते वसंतात. शेजारी तरी काय देणार, त्यांचीही तीच रड. आधी कुत्री भुकेने रात्रंदिवस रडायची. मग ती गप्प झाली आणि आम्ही सगळे धास्तावलो.

युआन्सीला मात्र काहीच वाटेना. गारठलेला हात काही वेळाने दुखायचा थांबतो ना, तसं त्याच्या मनाचं झालं होतं.

एका सकाळी तो बर्फ ठोकून बघायचा लोखंडी दांडा घेऊन बाहेर आला आणि स्लेज बांधायला लागला.

“अहो, कुठं निघालात?” बिर्थेने विचारलं.

“बर्फावर.”

“एका घावात दांडा आरपार जातोय, सगळ्या गावाने बघितलंय!”

“काल जात होता.”

“आणि आज काय त्याचा दगड झाला?”

तो दोऱ्या आवळत राहिला. बिर्थेने डोकेफोड केली नाही. ती तडक दुकानात गेली. “मामंजी, तुमचा पोरगा बुडायला निघालाय. तुम्हीच कान धरा, माझं कोण ऐकतंय?”

नुका गल्ला सोडून तशीच धावली. “पोरा, ठेव ती स्लेज.”

“बाबा, कुत्री मरताहेत.”

“दिसतंय मला. तू बुडालास तर ती जगणार आहेत का?”

“बाबा, तुम्ही कुठल्या बर्फाला भ्यालात हो कधी?”

“तो बर्फ माझ्या ओळखीचा होता रे. हा कोण कुठला, मला माहीत नाही.”

बापाचा शब्द तो. युआन्सीने दांडा भिंतीला टेकवला आणि घरातून बंदूक आणली, कारण आता तेवढंच उरलं होतं. कुत्र्यांना उपाशी तडफडू द्यायचं नाही आणि आपलं कुत्रं परक्याच्या हातून मारवायचं नाही, ही इथली रीत. म्होरकी कुत्री त्याला बघून शेपूट हलवत उठली. त्याने बंदूक उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली.

“चापावर बोट वळत नाहीये,” तो म्हणाला. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

नुकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली. “आण इकडे. कुत्री माझी आहेत. तुला नुसती सांभाळायला दिली होती.”

खरंच होतं ते.

“एकेकाला पट्टा चढवून दे,” ती म्हणाली. “पट्टा दिसला की खुशीत येतील.”

त्याने म्होरकीच्या अंगावर ओढायचा पट्टा चढवला. आता कामाला जायचं, म्हणून ती वेडी अर्धमेली असूनही नाचायला लागली. नुका तिला खडकामागे घेऊन गेली. बार झाला. सीलच्या शिकारीमुळे त्या आवाजाची बाकीच्यांना सवयच होती, ती आपला नंबर यावा म्हणून साखळ्या ताणत होती. नुका रिकामा पट्टा घेऊन परत आली, युआन्सीने तो दुसऱ्याच्या अंगावर चढवला. पट्टा सारखा बसला का ते दरवेळी बोटाने बघत होता, काचू नये म्हणून. बिर्थे दारात तोंडाला पदर लावावा तशी बाही दाबून रडत होती. हा कोरडा.

नुका परत आली. त्याने तिच्याकडून पट्टा घेतला, बर्फ झटकला आणि तो उलगडून धरून वळला.

“पुढचं?” त्याने विचारलं.

“पुढचं कुणी उरलं नाही रे, पोरा,” नुका म्हणाली.