दादाचं कुस्तीचं नाणं

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, जन्मदात्या आईलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? कुणास ठाऊक — पण आता पोटात ठेववत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दादा, माझा थोरला भाऊ, आमच्या वरकुटे गावातला पैलवान. खांदा निखळला नि कुस्ती सुटली. मग भाड्याची जीप चालवायचा. एकदा एका परदेशी पाहुण्याला सुप्याच्या माळावर चिंकारा हरणं दाखवायला घेऊन गेला. पाहुणा नाण्यांचा शौकीन. दादाची कुस्ती कळल्यावर त्यानं मायदेशी जाऊन चांदीचं नाणं धाडलं — खेळांच्या स्पर्धेसाठी पाडलेलं, बाजारात चालवायचं नाही, देशोदेशीच्या शौकिनांनी नुसतं जपायचं. वर दोन पैलवान भिडलेले. आणि लख्ख तर असं, की तोंड बघून घ्यावं!

"हात लावायचा न्हाय, डबीतनंच बघायचं," दादा सगळ्यांना बजावायचा. आई म्हणाली, "चांदी हाय, देवाजवळ ऱ्हाऊ दे." डबी देव्हाऱ्यात गेली.

आमच्यात दसऱ्याआधी देवाचे चांदीचे टाक चिंच नि राखेनं घासतात. मी नि नवी वहिनी, दादाची बायको, घासायला बसलो होतो. ती पाण्याला गेली आणि — कसली अवदसा आठवली मला! नाण्याच्या कडेला काळसर डाग दिसला. दादा खूश होईल, असं वाटलं हो. डबी उघडली, राख घेतली, घसाघसा घासलं. धुतलं, तर लकाकी पार गेलेली. पैलवानांच्या तोंडावर ओरखडेच ओरखडे. मी गुपचूप डबी मिटली.

संध्याकाळी दादानं बघितलं. एवढा दांडगा गडी — मटकन खाली बसला. डोळे भरले त्याचे. "कुनी केलं ह्ये?"

मी काय म्हणाले असेन?

"वहिनी घासत हुती."

का म्हणाले? मला कुणी मारणार नव्हतं. मी लाडकी होते — आणि मला लाडकीच राहायचं होतं. बस्स, एवढंच.

"म्या न्हाय ओ," वहिनी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. दादा दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलला नाही. आईनं तिला पुन्हा देवाच्या चांदीला हात लावू दिला नाही. मी तिथंच होते. रोज जेवत होते.

दादा गेला. आईही गेली. दसऱ्याला मी अजून माहेरी जाते. आता घर वहिनीचं, देवही तिचेच. तरी ती टाकांचं ताट माझ्यापुढं सरकवते.

"वन्सं, तुमीच घासा. माझ्या हातानं चांदी बिघडती."

इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला ते खरंच वाटतं हो.

आणि मी घासते.