सुंभाचा तास

आमच्या शाळेला शिकवण्याची काही पद्धत आहे, हे मी चौथीत जाईपर्यंत गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पाढे म्हणायचे, चुकलं की छडी खायची, सुटी झाली की घरी जायचं. मग जुने गुरुजी निवृत्त झाले आणि घाटावरून नवे आले. ते ट्रेनिंग करून आलेले होते आणि छडीला हात लावत नसत, त्यामुळे सुरुवातीला गावाला वाटलं, यांची तब्येत बरी नसावी.

गुरुजींचं म्हणणं असं, की मूल आधी हातांनी शिकतं. काम करता करता गणित, भूगोल, भाषा सगळं यावं. याला ते समवाय म्हणत. त्यासाठी सरकारकडून सूत कातायला टकळ्या आणि कापसाचे पेळू आले होते. आमच्या खाऱ्या हवेत पेळू दमट होत आणि धागा ओढायला जावं तर गोळाच हातात येई. दुसरा कुणी टकळ्या कपाटात टाकून मोकळा झाला असता. पण गुरुजी विचार करणारे. ज्या गावात कापूस पिकत नाही तिथं सूत कशाला, असं म्हणून त्यांनी खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणं आणवली, आणि काथ्या सोडवून सुंभ वळायला आम्हाला बसवलं. रोज शेवटचा तास सुंभाचा. वळलेलं वितीनं मोजलं की झालं गणित. ते गलबतातून कुठं कुठं जातं हे सांगितलं की झाला भूगोल. जांभळीखाली बसून गप्पा मारायच्या आणि त्याला अभ्यास म्हणायचं, यापेक्षा चांगली पद्धत आम्हाला सुचली नसती.

माझ्या आईला मात्र ती पटली नाही. वडील गलबतावर खलाशी. दिवाळी झाली की जात ते पावसाच्या तोंडावर परतत, आणि मधले महिने आई सुंभ वळून घर चालवी. मी ऐटीत तिला सांगितलं की आता गुरुजीही आम्हाला सुंभ वळायला शिकवतात. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून शाळेच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, सुंभ माका येता. ता शिकाक शाळा कित्याक होयी? माझ्या चेडवाक लिवाक-वाचूक शिकवा. सुंभ ता वळूचा नाय."

गुरुजींनी शांतपणे समजावलं. कामाची लाज वाटू नये म्हणून तर हा तास आहे, म्हणाले, आणि एकीसाठी वेगळा नियम शाळेत करता येत नाही.

"लाज नाय माका," आई म्हणाली. "पण ह्या असाच चलला, तर मी तेका शाळेत धाडूचंय नाय."

आणि मला दंडाला धरून ती घरी घेऊन आली. माझी शाळा तिथंच थांबली.

गावानं याचा सरळ अर्थ लावला. "चेडवाक घराक बसयल्यान," शेजारीण म्हणाली, "सुंभ वळूक दोन हातांचे चार झाले गो." गुरुजींनाही तेच वाटलं असणार. गरिबाघरची आई मुलीला कामाला जुंपते, हे त्यांना ट्रेनिंगमध्येही शिकवलं असेल. मी शाळेच्या वेळेला कुंपणाशी उभी राहून मुलांचा गलका ऐकत असे. पुन्हा त्या वर्गात बसायला मिळेल की नाही, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. आईचा मला भयंकर राग येई.

काही दिवसांनी गुरुजी आमच्याकडे आले. दुपार होती. आई अंगणात सुंभ वळत होती आणि मी पडवीत बसून वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकत होते. गुरुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ही तुम्हाला वळू लागत नाही?"

"हात लावूक दिवक नाय मी तेका," आई म्हणाली.

तिनं पुढं केलेलं गूळपाणी गुरुजींनी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून पाठवा. त्या तासाला ती वर्गात वाचत बसेल."

अशी मी शाळेत परतले, वेगळ्या नियमासकट. शेवटच्या तासाला गुरुजी पुस्तकांचं कपाट मला उघडून देत आणि बाहेर जात. पहिले दोन दिवस फार रुबाबात गेले. मग बाहेरचं हसणं ऐकू यायला लागलं. आत मी एकटीच. तास संपून बाहेर आले की मैत्रिणी म्हणत, "मास्तरीणबाय इली." त्यांच्यात जागा करून द्यायचं कुणी नाव काढत नसे. आठवडाभर मी हे सोसलं आणि एका संध्याकाळी घरी येऊन दप्तर फेकलं.

"माका नको ती पुस्तकां. माका सगळ्यांवांगडा सुंभ वळूचा आसा."

आई मला कधी मारत नसे. तिनं हातातला काथ्या बाजूला ठेवला आणि माझ्या थोबाडीत दिली. जोरात दिली असंही नाही. पण तिचा तळवा गालावरून नुसता ओरखडत गेला. माणसाचा हात इतका खरखरीत असू शकतो हे मला तेव्हा कळलं, आणि रडायचंही राहून गेलं. ती आपल्या हाताकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी एक पुस्तक काढलं आणि दाराकडे पाठ करून वाचायला बसले.