आजोबांच्या वस्तऱ्यावरची खाच

भूतबाधा, अंगात येणं, करणी... दुकानात कुणी असलं काही काढलं की मी टीव्हीचा आवाज मोठा करतो. माझा या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय, कारण जे झालं ते माझ्याच हातानं झालं.

माझं सलून हिंगोलीकडच्या गोरेगावात, सेनगावच्या जीपा लागतात तिथंच. आता सगळे ब्लेड बदलायचा वस्तरा वापरतात, मीही तोच वापरतो. पण जुन्या वस्तऱ्यांचं मला वेड आहे, आणि सांगायला लाज कसली, आमच्या भागात त्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. वाशिमकडून लोक आजा-पणजाचे वस्तरे घेऊन येतात. टोकाला अर्धचंद्र का कापलाय, शेपटीखाली बारीक रेघा कशाला (साबणाचं बोट घसरू नये म्हणून), पातं मधे खोल का... हातात घेतलं की सांगतो.

मला गप्प केलं ते फक्त माझ्या आजोबांच्या वस्तऱ्यानं. मूठ शिंगाची, आणि पात्याच्या पाठीवर, मुळापाशी, एक तिरपी खाच. मार लागून पडलेली नाही, मुद्दाम घासून गुळगुळीत केलेली. उजव्या हातात धरा, अंगठा तिथं पोचत नाही. डाव्यात धरा, मनगट आडवं येतं. मोबाईलवरच्या वस्तरेवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर एक शहाणा म्हणाला, "डिफेक्ट आहे, घासून टाका." मी तो ग्रुपच सोडला.

"एवढ्याशा खाचेपायी काहून डोकं तापवून राहिले?" बायको म्हणाली.

"आमचा आजा उगीच लोखंड घासत बसणारा न्हवता," मी म्हणालो.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी गुरुजी आले. शाळेत मला शिकवलेले. आता कंपवात आहे, मान आणि हनुवटी सारखी हलते. दुसऱ्या दिवशी विहारात नातीचं लग्न होतं. हिंगोलीतल्या सलूनवाल्यांनी हात जोडले होते, फार तर मशीन फिरवतो म्हणाले होते.

"मशीननं खुंट राहतात, दत्ता," गुरुजी अडखळत म्हणाले. "दाढी न करता मी कधी शाळेत गेलो न्हाई. आता नातीच्या लग्नात असा बसू व्हय?"

मला नाही म्हणवलं नाही. ब्लेडचा वस्तरा लावला आणि लगेच कानाखाली रक्ताचा ठिपका आला. त्यांचा मुलगा विजय म्हणाला, "राहू द्या दत्ताभाऊ, अण्णांना लागंल." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला बघवेना. मी आजोबांचा वस्तरा काढला, उकळत्या पाण्यात धुतला, धारेसाठी चामड्याच्या चामोट्यावर फिरवला. पातं वजनदार, थरथरीला बरं पडेल, एवढाच विचार.

पुढचं नीट सांगता येत नाही... डाव्या हातानं त्यांचं डोकं धरलं होतं, वस्तरा उजव्यात होता. पातं गालाला लागलं आणि पाहतो तर वस्तरा डाव्या हातात! उजवा हात त्यांच्या डोक्यामागं. आणि अंगठा त्या खाचेत, काजात बटण बसावं तसा बसलेला. डाव्या हातानं मला साधा कंगवा धरता येत नाही हो. पण तो हात चालत होता. गाल हलला की वस्तरा हलायचा, तेवढाच, त्याच वेळी. मी नुसता बघत होतो. भीती नाही वाटली. खरं सांगू, छाती भरून आली होती.

नंतर कुठं नखाएवढंही लागलं नाही. विजय म्हणाला, "तुमी डावखुरे हायेत, माहीत न्हवतं." मी वस्तरा पुसून मिटवला.

संध्याकाळी आत्याला फोन करून विचारलं. आजोबा उजवेच होते म्हणाली. मग शिकाऊ पोरांना देतो तसा फुगा घेतला, साबण लावला, डाव्या हातानं वस्तरा टेकवला. फुगा फुटला. अंगठा खाचेपर्यंत गेलाच नाही, आणि आजवर कधी गेला नाही.

लग्नात गुरुजी पहिल्या रांगेत होते. भेटायला येईल त्याचा हात धरायचे आणि गालावरून फिरवायचे. मला पाहिल्यावर त्यांनी नवरदेवाचाच हात ओढला. "बघा, कसा गाल हाय. आमच्या दत्तानं केली दाढी."

नवरदेवानं लाजत हात फिरवला आणि मला विचारलं, "खरंच तुम्ही केली?"

मी ताठ उभा राहून म्हणालो, "व्हय, मीच."