ब्राउनी तिकडे नेताना

मुलीचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "आई, शनिवारी माझ्याकडे पार्टी आहे. तू त्या मिंटच्या ब्राउनी करून आणशील? थरवाल्या?" एवढंच म्हणाली. मी "बघते" म्हटलं. पुण्यात "बघते" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं, पण ती माझी मुलगी आहे, तिला बरोबर कळलं असणार. फोन ठेवला आणि उरलेली भेंडी मी इतकी बारीक चिरली की तिची भाजी न होता भलतंच काहीतरी झालं.

एवढ्याशा फोनने भेंडीचा चुरा व्हायचं कारण सांगते. मुलगी नोकरीला लागली आणि काही दिवसांनी म्हणाली, मी वेगळी राहणार. लग्न होऊन नव्हे, बदली होऊन नव्हे, परदेशी जाऊन नव्हे. याच गावात वेगळी. आम्ही वारज्याला आणि ती मांजरीला, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ऑफिस जवळ पडतं, हे कारण. जवळ पडतं हे मलाही मान्य आहे, पण आजवर अख्खं पुणे लांबलांबच्या ऑफिसला जाऊन संध्याकाळी आपापल्या आईच्या हातचं जेवत आलंय. शिवाय लोकांना काय सांगायचं? मुलगी अमेरिकेत आहे म्हटलं की लोक पेढे मागतात. मुलगी मांजरीला आहे म्हटलं की आवाज खाली आणतात आणि "का हो, काही झालं का?" म्हणून विचारतात.

जाताना ती दारात उभी राहून म्हणाली, "आणि आई, प्लीज डबे पाठवू नकोस." बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं, पण हे फार लागलं. त्यानंतर तिने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. लोणचं नाही, मेतकूट नाही, चकल्या तर नाहीच. कधीतरी रविवारी दुपारी यायची, जेवायची, संध्याकाळच्या आत निघायची. ती राहते त्या जागेला मी घर म्हणत नसे. "तिकडे" म्हणत असे. ऐकून ऐकून नवराही तिकडेच म्हणायला लागला होता.

आणि आता तिने ब्राउनी मागितल्या होत्या. खोटं कशाला बोलू, त्या पार्टीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला मुलगी परत हवी होती. मी मनाशी ठरवलं, ब्राउनी अशा करायच्या की पहिल्याच घासाला तिला कळलं पाहिजे आपण काय सोडून आलोय. मग मी म्हणणार, चल परत. हे वाक्य मी कणीक मळता मळता दोन-तीन तऱ्हांनी म्हणूनही बघितलं.

या ब्राउनी तिच्या शाळेपासूनच्या आवडीच्या. खाली चॉकलेटचा दाट, ओलसर थर, मध्ये लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेला, पुदिन्याच्या वासाचा हिरवा थर आणि वर चॉकलेटचं पातळ कवच. खालचा पूर्ण गार झाल्याशिवाय मधला लावायचा नाही आणि मधला घट्ट झाल्याशिवाय वरचा ओतायचा नाही. म्हणजे करण्यापेक्षा थांबण्याचंच काम जास्त, आणि थांबणं मला जन्मात कधी जमलेलं नाही.

गुरुवारी सकाळी ओव्हन रिकामा केला. आमच्याकडे ओव्हन हे कपाट आहे. त्यातून बिडाचा तवा, चकलीचा सोऱ्या, पापडांचा डबा आणि जे झाकण मी दिवाळीपासून शोधत होते ते झाकण, असं सगळं निघालं. मिश्रण केलं, बटर पेपर लावला, भांडं आत ठेवलं. कडेने छान फुगायला लागलं आणि लाइट गेले.

"आज दुरुस्तीसाठी वीज बंद आहे. मेसेज आला होता," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तू कुठे विचारलंस?"

पुण्यात गुरुवारी काही मनावर घ्यायचं नसतं, हे इतकी वर्षं राहून मला कळायला हवं होतं. पाणी तरी जातं नाहीतर वीज तरी. लाइट आले तोवर कडा भाजलेल्या आणि मध्ये चिखल. ते सगळं नवऱ्याने चमच्याने खाल्लं आणि छान झालंय म्हणाला. छान म्हणाला याचासुद्धा मला राग आला, कारण ते छान नव्हतंच.

शुक्रवारी खालचा थर नीट झाला. पंख्याखाली ठेवला, हात लावून बघितला, पुन्हा ठेवला. मग मधल्या थरासाठी पिठीसाखरेचा डबा काढला तर तळाशी चमचाभर साखर आणि भरपूर मुंग्या. दुकानात जाऊन येण्याइतका धीर नव्हता, म्हणून समोरच्या शेजारणीकडे गेले. तिने वाटीभर पिठीसाखर दिली आणि वाटीबरोबर प्रश्नही दिले.

"काय विशेष? मुलगी येतेय वाटतं?"

"नाही, आम्हीच चाललोय तिकडे."

"हो का? म्हणजे राहिलीच का ती तिकडे!"

मी हसल्यासारखं करून दार लावून घेतलं. वाटी लगेच धुतली, त्यात चिवडा भरला आणि जाऊन तिच्या हातात दिली, म्हणजे परत त्या निमित्ताने येऊन चौकशी नको. पूर्वी हे वाट्या पोचवायचं काम मुलीचं असायचं. "रिकामी का नाही न्यायची?" म्हणून एकदा तिने माझं डोकं खाल्लं होतं. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये, अगदी काही नसलं तर साखर घालावी, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिचा पुढचा प्रश्न तयारच. "मग आजीचा डबा आपण रिकामाच का देतो?" आजी काय परकी आहे का, मी म्हटलं, आपल्या माणसाच्या डब्यात कोण बघतंय काय घातलं ते. हे तिला पटलं. त्यानंतर ती वाटीतला निम्मा चिवडा जिन्यातच संपवायची.

हिरवा रंग आणि पुदिन्याचा अर्क घालताना दोन्ही बाटल्या हातातून जरा जास्तच कलंडल्या. मिश्रण असं काही हिरवंगार झालं की नवरा चष्मा लावून बघायला आला.

"हे खायचंय का भिंतीला लावायचंय?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

त्याने बोटावर घेऊन चाखलं. "माझे दात सकाळीच घासून झालेत," म्हणाला आणि निघून गेला. मी आणखी लोणी आणि राहिलेली सगळी साखर घातली, तेव्हा कुठे रंगही माणसात आला आणि वासही. पसरलं, फ्रीजमध्ये ठेवलं. मग वरच्या थराचं चॉकलेट वितळवायला घेतलं, तर वाफेचं पाणी त्यात पडलं आणि सगळं चॉकलेट रव्यासारखं दाणेदार झालं. मी तो चमचा सिंकमध्ये फेकला. इतक्या जोरात फेकला की बाहेरून "काही फुटलं का?" असा आवाज आला. "अजून नाही," मी ओरडले.

खाली जाऊन दुसरं चॉकलेट आणलं. या वेळी भांडं पुसून, झाकण बाजूला ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत वितळवलं. कोमट होईपर्यंत ओट्याशी हाताची घडी घालून उभी राहिले. ओतलं. हिरवा थर हलला नाही. वर गुळगुळीत, काळंभोर, चकचकीत कवच बसलं. मला रडूच यायला लागलं, आणि त्याचाही राग आला, कारण ब्राउनीपायी रडायचं माझं वय नाही.

शनिवारी दुपारी गरम पाण्यात सुरी बुडवून, पुसून, एकेक तुकडा कापला. तिन्ही थर सरळ दिसत होते. आमचं आडनाव कोरलेला मोठा चपटा स्टीलचा डबा आहे, त्यात बटर पेपर घालून रचले. खरं तर मुलगी येऊन घेऊन जाईल, त्या निमित्ताने आदल्या रात्री राहील, असा माझा हिशेब होता. पण तिने गुरुवारीच मेसेजमध्ये पत्ता पाठवला होता. स्वतःच्या आईला पत्ता!

ऑक्टोबरचं ऊन, शनिवारची संध्याकाळ आणि वारज्याहून मांजरी, म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. गाडीतला एसी पूर्ण सोडून, डब्याच्या चारी बाजूंना बर्फाच्या पिशव्या लावून, वर शाल घालून तो मी मांडीवर घेऊन बसले. माझे गुडघे गारठले. नवरा रिक्षा पुढे गेली तरी तिला वाट देत होता. हडपसरला गाडी जी थांबली ती थांबलीच. "जरा घुसवा ना," मी म्हटलं. "तू चालव मग," तो म्हणाला. शाल उचलून मी कितीदा आत डोकावले असेन. पुढे एकीकडे ऊस आणि दुसरीकडे नव्या इमारती असा रस्ता लागला आणि मी मनात पुन्हा ते वाक्य म्हणून बघितलं. चल परत.

तिने दार उघडलं. "या, या! बसा ना!" असं म्हणाली. मग ट्रेमध्ये पाणी आणलं. आमच्याकडे पाणी ज्याचं त्याने उठून घ्यायचं असतं. मी सवयीने स्वयंपाकघराकडे निघाले, तर तिने माझे खांदे धरून मला सोफ्यावर बसवलं. "तू बस. आज तू काहीही करायचं नाहीस." बसल्या जागेवरून तिचा ओटा दिसत होता. मिसळणाचा डबा शेगडीच्या डावीकडे होता, माझ्याकडे असतो तसाच. फडकं नळावर पिळून वाळत घातलेलं, तेही माझ्यासारखंच. हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला अजिबात बरं वाटलं नाही.

ब्राउनी बघता बघता संपल्या. तिच्या ऑफिसमधला एक जण म्हणाला, "काकू, अगदी विकतच्यासारख्या झाल्यात!" माझ्या आईला कुणी असं म्हटलं असतं तर त्याला पुन्हा पाणीसुद्धा मिळालं नसतं. मी थँक्यू म्हटलं. मुलीने एक तुकडा घेतला, आधी वरचं कवच दातांनी सोलून खाल्लं, शाळेत असताना खायची तसं, आणि डोळे मिटले. मला वाटलं, हीच वेळ.

ती रिकामा डबा घेऊन आत गेली तशी मी मागोमाग गेले.

"चल की गं परत," मी म्हटलं. "तुझी खोली आहे तशीच ठेवलीय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला येतं. पण ती नळाखाली डबा धरून शांतपणे म्हणाली, "येईन ना आई. पुढच्या रविवारी येते, दुपारी. जेवायला उगाच फार काही करू नकोस हं." हेच वाक्य याच आवाजात मी लग्नानंतर माझ्या आईला फोनवर कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. त्यापुढे आई काय बोलायची ते मला आठवेना. बहुतेक काहीच बोलत नसावी.

निघताना तिने डबा पिशवीत घालून हातात दिला. आम्ही चहा घेऊनच निघालो, तिने आग्रह केला म्हणून. येताना नवऱ्याने दोन-तीनदा तिचं कौतुक केलं, जागा छान ठेवलीय, मित्र चांगले आहेत. मी एसी बंद करायला सांगितला.

रविवारी सकाळी डबा जागेवर ठेवायला काढला, तर आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. झाकण उघडलं. घासूनपुसून कोरड्या केलेल्या त्या डब्याच्या तळाशी साखर होती. चांगली दोन मुठी.

माझा डबा, माझं आडनाव, तिचंही तेच आडनाव. रिकामा दिला असता तर मी बघितलंसुद्धा नसतं. घाईत असेल, विसरली असेल, आपलीच आहे, असं म्हणून फडताळात ठेवून दिला असता. पण तिने आठवणीने साखर घातली होती. मीच शिकवलेलं, आणि तिने ते अगदी बरोबर लक्षात ठेवलं होतं. इतकं बरोबर की मला कुणावर चिडायचं तेच कळेना.

चहाचं आधण उकळत होतं. आमच्या साखरेच्या डब्यात ती साखर मिसळायला माझा हात होईना, म्हणून तीच चहात घातली.

नवऱ्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आज साखर किती घातलीस?"

"लेकीच्या घरची आहे," मी म्हटलं. "गुपचूप प्या."